टाकी छान आहे, सर

"टाकी कशी आहे?"

"छान आहे, सर."

फोनची वायर पुरेल तेवढी ताणून मी टाकीसमोर उभी होते. आत एकही पान उभं नव्हतं. चार दिवसांपूर्वी वीतभर लांब, कडांना झालर असलेली पानं होती. आता ती उकडलेल्या पालकासारखी वाळूवर पडली होती. काही पाण्यावर तरंगत होती. त्यांच्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

"छान म्हणजे कशी? नीट सांग."

"डावीकडचं मोठं झुडूप जरा वाढलंय. मासे त्याच्या मागे आहेत."

"किती?"

"बारा."

दहा होते. दोन मी सकाळी चमच्याने काढले होते.

"शाब्बास, गावंडे," बेंडखळे सर म्हणाले. त्यांच्या एका डोळ्यावर तेव्हा पट्टी होती, ऑपरेशनला एक दिवस झाला होता. "तुझ्या जिवावर इथे निवांत पडलोय मी. शालू म्हणते, घरापेक्षा टाकीचीच चौकशी जास्त करतोस."

मागून त्यांच्या बहिणीचा आवाज आला, "विचार तिला, जेवते का नीट!"

"जेवतेस का?"

"हो, सर."

हेही खरं नव्हतं.

*

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. देवरूखची. मी चोवीस वर्षांची होते, पुसदहून आले होते, भूमी अभिलेख कार्यालयात नोकरीला लागले होते. जुने नकाशे काढायचे, झटकायचे, परत ठेवायचे. चौदा महिन्यांत ऑफिसमध्ये माझं एक नाव पडलं होतं, "घाटावरची". मी एकदा "साहेब जेवून राहिले" असं म्हटलं, तेव्हापासून डबा उघडला की कोणीतरी म्हणायचं, "काय बाई, जेवून राहिल्या का?" सगळे हसायचे. मीही हसायचे. मग मी कमी बोलायला लागले. मग बोलणं इतकं कमी झालं की रविवारी संध्याकाळी एखादा शब्द तोंडातून निघाला की माझाच आवाज मला घोगरा वाटायचा.

सरांच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली होती. सर निवृत्त, जीवशास्त्राचे शिक्षक. एकटेच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. ऑपरेशनला घाबरून दोन वर्षं टाळत होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "तुम्हाला वाचता येतं ना मोठ्याने?"

"येतं की."

"मग रोज अर्धा तास पेपर वाचाल? चहा माझ्याकडून."

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. "तुम्ही"चं "तू" झालं. हजेरी घेतल्यासारखं ते मला आडनावाने हाक मारायचे. माझ्या बोलण्याला ते हसले नाहीत. उलट एकदा म्हणाले, "गावंडे, हे 'करून राहिले' फार छान आहे. 'करतेय'मध्ये माणूस घाईत असतं. तुमच्याकडचं माणूस जरा बसून करतं." त्यानंतर मी ऑफिसातून आले की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "काय, काय करून राहिलं जग?"

पेपर झाला की ते डोळे मिटायचे. "आता टाकी."

हॉलमध्ये चार फुटांची काचेची टाकी होती. आतली झाडं दुकानातली नव्हती. बावीस वर्षांपूर्वी सर नववीच्या मुलांना घेऊन साखरप्याच्या पुढे एका ओढ्यावर गेले होते, तिथून त्यांनी ती मुळांसकट आणली होती. क्रिप्टोकोराईन. ओढ्याच्या तळाशी, वाहत्या पाण्यात वाढणारं झाड. सरांना त्या टाकीच्या जागी आता नुसता हिरवा डाग दिसायचा, उजेड असला तर. म्हणून मी सांगायचे. उजवीकडून तिसऱ्या झाडाला नवं पान फुटलंय, अजून गुंडाळलेलं आहे, पेन्सिलीसारखं. दोन मासे एकमेकांकडे तोंड करून थांबलेत. एका पानाला भोक पडलंय. सर मध्येच अडवायचे, "रंग?" मी म्हणायचे, "हिरवा." ते म्हणायचे, "कुठला?" मग मला पुन्हा वाकून पाहावं लागायचं.

मला तोवर कोणी असं पाहायला लावलं नव्हतं. मी जे सांगेन ते कोणीतरी डोळे मिटून खरं धरतंय, असंही कधी झालं नव्हतं.

*

शनिवारी सर कोल्हापूरला गेले, बहिणीकडे. तेरा दिवसांसाठी. जाताना सांगून गेले, सकाळी चिमूटभर दाणा घालायचा, शनिवारी दोन बादल्या पाणी काढायचं, विहिरीचं दोन बादल्या घालायचं. बाकी काही सांगितलं नाही. सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

जीपमध्ये बसताना म्हणाले, "पट्टी निघाली की डॉक्टर बोटं दाखवतील, ही किती म्हणून. ते दिसणं मी मोजत नाही. घरी येऊन टाकी बघेन, ते पहिलं बघणं."

*

टाकी मी का साफ केली, त्याचं पहिलं कारण: ती घाण होती.

रविवार होता. काचेवर आतून शेवाळ होतं. वाळूत काळा गाळ बसला होता. झाडं वाट्टेल तशी वाढलेली, एकात एक गुंतलेली. माणूस दोन वर्षांनी डोळे उघडून पाहणार आणि त्याला हे दिसणार? पाहुणे यायच्या आधी आमच्या घरी आई भांड्यांचं फडताळ रिकामं करून एकेक तांब्या चिंचेने घासते. मी तेच केलं. मासे बादलीत काढले. रबरी नळी लावून सगळं पाणी काढलं. झाडं उपटली, नळाखाली एकेक पान अंगठ्याने चोळून धुतलं. वाळू परातीत घेऊन पाणी नितळ होईपर्यंत धुतली, बारा-तेरा वेळा. मग झाडं परत लावली, मागे उंच, पुढे बुटकी, सारख्या अंतरावर. विहिरीचं ताजं पाणी भरलं.

दुपारी तीनला मी खुर्ची ओढून समोर बसले. टाकी शोरूममधल्यासारखी दिसत होती. त्या संध्याकाळी फोनवर सगळं खरं सांगितलं, फक्त साफ केल्याचं सोडून. ते त्यांना येऊनच दिसावं असं वाटत होतं.

*

बुधवारी सकाळी पहिलं पान.

ते मधोमध पारदर्शक झालं होतं, तेलाचा बोळा लागलेल्या कागदासारखं. दुपारपर्यंत सहा. संध्याकाळी ऑफिसातून आले तर वास दारापर्यंत आला होता.

भांडी घासायला येणारी सुगंधा कमरेवर हात ठेवून टाकीपुढे उभी होती.

"बाय गो, ह्या काय झाला?"

"माहीत नाही."

"काल तर बरी व्हती. तू काय घातलंस त्यात? साबण?"

"साबण नाही लावला गं. नुसती धुतली."

"पाण्यातली झाडा धुतलीस?" ती हसायला लागली. "अगो, ती पाण्यातच असतात की दिवसरात्र!" मग माझं तोंड पाहून गप्प झाली. "मास्तरांना सांग फोनवर. त्यांना कळल काय ता."

सातला फोन वाजला.

"उद्या ऑपरेशन आहे बरं का, गावंडे. काहीतरी चांगलं सांग. टाकी कशी आहे?"

मी सुगंधाकडे पाहिलं. ती मान हलवत होती, सांग, सांग.

"छान आहे, सर."

*

गुरुवार. "ऑपरेशन झालं त्याचं, मी शालू बोलतेय. टाकी कशी आहे विचार म्हणतोय." "छान आहे म्हणा त्यांना."

शुक्रवार. तो सुरुवातीला लिहिला आहे.

शनिवार. "दोन बादल्या बदलल्यास?" "हो." "पाणी काढताना मुळं उघडी नाही ना पडली?" "नाही, सर." "शहाणी आहेस."

रविवार. "आज डॉक्टरांनी पट्टी काढली. मला खिडकी दिसली गं. खिडकीचे गज मोजले मी. आठ!" "अरे वा, सर." "टाकी?" "छान."

सोमवार. "पानांच्या कडा अजून तशाच आहेत ना, झालरीसारख्या? डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करतोय, येत नाहीत." "तशाच आहेत."

मंगळवार. "आवाज का बसलाय तुझा?" "सर्दी आहे." "काढा घे."

*

रविवारी, म्हणजे सरांनी खिडकीचे गज मोजले त्या दिवशी, मी सगळं उपटून टाकलं होतं.

पानं गळून पडली होती, आणि वाळूत दोऱ्यांसारखी मुळं अडकून राहिली होती. त्यांचा घरभर वास येतोय असं मला वाटत होतं. मी बाही वर करून वाळूत हात घातला आणि एकेक मूळ ओढून काढलं. पांढरी होती. चिवट होती, सहज निघत नव्हती. सुगंधाने ती घमेल्यात घेतली आणि परसातल्या खड्ड्यात, पालापाचोळ्यावर ओतली. त्यात चुकून एखादा मासा राहिला नाही ना, म्हणून एकदा काठीने ढवळलं.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी एसटीने रत्नागिरीला गेले. पक्षी, मासे, पिंजरे विकणारं एक दुकान होतं. मी म्हटलं, लांब पानाची, कडांना झालर असलेली झाडं हवीत.

"खरी की प्लास्टिकची?" दुकानदाराने विचारलं.

"खरी आहेत?"

"अशी नाहीत. अशी कोणाकडे नसतात. प्लास्टिकची बघा की. खायला नको, प्यायला नको. वर्षातून एकदा ब्रशने घासा, पुन्हा नवी. तुमच्या टाकीत कोण बघणार आहे जवळ जाऊन?"

मी बारा घेतली.

*

दुसरं कारण: सरांना आनंद व्हावा.

हे खरं आहे. पण हे कारण कोणीही सांगेल.

*

शुक्रवारी मी रजा घेतली होती. अकराला जीप दारात आली. सर काळा चष्मा लावून उतरले. पायरीपाशी थांबले, खाली वाकायला बंदी होती म्हणून मान ताठ ठेवून पायाने पायरी चाचपली, आणि मग हसले, "अरे, दिसतेय की!" मी पुढे गेले होते हात धरायला. त्यांनी तो धरला नाही. गरज नव्हती.

ते माझ्याकडे बघत राहिले.

"गावंडे?"

"हो, सर."

"तू एवढीशी आहेस? आवाजावरून मला वाटलं होतं, उंच असशील."

आम्ही दोघंही हसलो. तेवढाच काय तो क्षण.

हॉलमध्ये पडदे ओढलेले होते. टाकीचा दिवा मी आधीच लावला होता. सर खुर्चीवर बसले, काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पाहू लागले. मी दाराला टेकून उभी. सुगंधा स्वयंपाकघराच्या दारातून, पदर तोंडाशी धरून.

"केवढं हिरवं आहे," ते म्हणाले. ऑपरेशन केलेल्या डोळ्यातून पाणी येत होतं. त्यांनी ते पुसलं नाही, हात लावायला मनाई होती. "मी विसरूनच गेलो होतो, हिरवा एवढा असतो. मासे दिसतायत. पट्टा दिसतोय अंगावरचा." ते पुढे सरकले. "कडा दिसतायत. गावंडे, अगदी तू सांगायचीस तशा."



ते पाहत राहिले. मग त्यांचं बोट उठलं, काचेला न टेकता एका पानापाशी थांबलं. तिथून दुसऱ्या झाडाच्या पानापाशी. मग तिसऱ्या.

"हे पान," ते म्हणाले, "टोकापाशी डावीकडे मुरडलंय. या झाडाचंही चौथं पान टोकापाशी डावीकडे मुरडलंय. आणि याचंही."

सुगंधा आत निघून गेली.

"दोन पानं सारखी नसतात. चौतीस वर्षं शिकवलं मी हे."

"सर..."

"कधी मेली?"

"बुधवारी. मागच्या."

त्यांनी बोटांवर मोजलं नाही, पण मोजतायत हे कळत होतं. ऑपरेशनचा आदला दिवस. मग त्यानंतरचे सगळे फोन.

"काय केलं होतंस?"

मी सांगितलं. नळी, परात, अंगठा, सगळं. सांगताना मला आशा होती की ते ओरडतील. पुसदला बाबा ओरडायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे.

"हं," ते म्हणाले. "हलवलं की ही झाडं पान टाकतात. एका रात्रीत, सगळी. ओढ्याला पूर आला तरी टाकतात. मरत नाहीत. मूळ जिवंत असतं, पांढरं असतं. नुसतं राहू द्यायचं. दीड-दोन महिन्यांत परत येतात." ते माझ्याकडे वळले. "मुळं कुठे आहेत?"

"खड्ड्यात टाकली, रविवारी. पांढरी होती."

दोघंही परसात गेलो. खड्ड्यावर ऊन होतं. पाच दिवसांचं ऊन. मी पाला उचकला, त्यांना वाकता येत नव्हतं. वाळलेल्या सुतळीसारखं काहीतरी हाताला लागलं, ते मी वर धरलं. त्यांनी नुसतं पाहिलं.

"बुधवारी फोनवर सांगितलं असतंस," ते म्हणाले, अगदी शांतपणे, "तर मी एवढंच म्हटलं असतं, हात लावू नकोस."

*

संध्याकाळी मी पेपर घेऊन हॉलमध्ये आले. सरांच्या हातात पेपर होता. त्यांनी पेपरवाल्या पोऱ्याला सांगून दुसरा मागवला होता की माझाच आधी उचलला होता, मला कळेना. मग माझ्या हातातला कालचा होता हे लक्षात आलं.

"डॉक्टरांनी जास्त वाचू नका म्हटलंय ना?" मी म्हणाले.

"मथळे वाचतोय. तुम्हाला आता त्रास नको, ज्योत्स्नाबाई. इतके महिने खूप केलंत."

ज्योत्स्नाबाई. केलंत.

ते रागाने बोलले नव्हते. भाडेकरूशी बोलावं तसं नीट बोलले होते. चहा पाठवला त्यांनी त्या दिवशीही, सुगंधाच्या हाती, माझ्या खोलीत.

मी खाटेवर बसून तो प्यायले. त्या दिवशी मी शेवटचं बोलले ते हॉलमधलं, डॉक्टरांबद्दलचं ते एक वाक्य.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची झाडं पिशवीत भरून माझ्या दाराशी ठेवलेली होती, धुऊन, पुसून. टाकीत वाळू आणि दहा मासे. सर सकाळी दाणा घालायचे आणि वळायचे. समोर बसायचे नाहीत. त्यांनी खुर्ची खिडकीपाशी नेली होती, तिथे उजेड चांगला होता.

*

तिसरं कारण मला फार उशिरा सापडलं. नागपूरला बदली झाल्यावर, लग्न झाल्यावर, एकदा मुलाची शाळेची वही पाहताना. वहीत चूक नव्हती आणि मला वाईट वाटलं की चूक नाही.

ऑपरेशनचं ठरलं तेव्हा मी सरांना म्हटलं होतं, "किती छान झालं." रात्री खोलीत मात्र मी हिशेब करत होते, आता पेपर ते स्वतः वाचतील, टाकी ते स्वतः बघतील. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मी काय करायचं? त्यांना दिसायला लागण्याआधी त्या टाकीत माझं काहीतरी असायला हवं होतं. त्यांनी डोळे उघडावेत आणि म्हणावं, हे तू केलंस? मग मी सांगावं, हे असं केलं, ते तसं लावलं, आणि पुढच्या रविवारीही मीच करावं.

झाडं घाण नव्हती. माझी नव्हती, एवढंच.

*

पाच आठवडे झाले होते. रविवार, सकाळ. सर खिडकीपाशी पेपर वाचत होते, नवा चष्मा नाकावर. मी पाणी भरायला हॉलमधून चालले होते. त्या वाटेने जाताना मी टाकीकडे पाहत नसे. त्या दिवशी ऊन काचेवर तिरपं पडलं होतं म्हणून नजर गेली.

मागच्या कोपऱ्यात, मोठ्या दगडाला लागून, वाळूतून काहीतरी वर आलं होतं. नखाएवढं. गुंडाळलेलं.

मी कळशी खाली ठेवली. गुडघ्यावर बसले, काचेला नाक लावलं. कचरा असेल म्हणून पंधरा-वीस श्वास थांबले. एक मासा जवळून गेला आणि ते हललं, पण सुटलं नाही. खाली धरलेलं होतं. रंग हिरवा नव्हता. तांबूस होता, कोकमाच्या कोवळ्या पालवीसारखा, टोकाकडे पिवळा होत जाणारा. दगडाखाली एखादं मूळ माझ्या हातून सुटलं असणार.

मी इतक्या घाईने उठले की कळशी लवंडली.

"सर!"

त्यांनी वर पाहिलं.

"सर, टाकीत पान आलंय. मागच्या दगडापाशी. अजून उघडलं नाहीये, तांबूस आहे, टोकाला पिवळं. मूळ राहिलं होतं एक. खरंच आलंय, सर."

पाणी फरशीवरून त्यांच्या पायांकडे वाहत चाललं होतं. त्यांनी पाय उचलून खुर्चीच्या आडव्या पट्टीवर ठेवले. माझ्याकडे पाहिलं, चांगलं पाहिलं, चष्म्यातून, थकलेल्या मायेने. वर्गात उशिरा आलेलं पोर कारण सांगतं, तेव्हा मास्तर असेच पाहत असतील.

"असेल," ते म्हणाले. "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

आणि पुन्हा वाचू लागले.

मी फडकं आणून फरशी पुसली. खिडकीपासून टाकीच्या काचेपर्यंत पुसत गेले, म्हणून मला माहीत आहे. सहा पावलं होती.